मदत हवी आहे: जुन्या बीएमएक्स सायकलचा स्टेम चिमट्यातून निघेना

शाळेच्या वयातली २० इंची बीएमएक्स परभणीत घरीच दुरुस्त करतोय. चाकं, चेन, क्रँक निघालं. अडलाय तो हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून खाली चिमट्याच्या नळीत उतरणारा दांडा. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, लोखंडी, क्रोम केलेला. स्टेम ॲल्युमिनियमचा, चुंबक लावून पाहिलाय. वरचा बोल्ट थोडा ढिला करून हातोडीनं ठोकला, स्टेमला आतून घट्ट धरणारी पाचर खाली सुटली. तरी स्टेम तसूभर हलत नाही. डिझेल झालं, गंजाचा स्प्रे झाला, सायकल उलटी करून खालूनही तेल सोडलं. पुढचं चाक परत बसवून गुडघ्यात दाबलं आणि हँडल पिळलं, तर चिमट्याचे पाय वाकू लागले, म्हणून थांबलो. मिस्त्री गॅसनं तापवू म्हणतो. क्रोम निळं पडेल, त्यामुळं ते नको. मूळ चिमटा वाचवायचाच आहे. स्टेम गेला तरी चालेल, तसला नवा मिळतो.

आता उरलाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो आणि लोखंड सोडतो, हे माहीत आहे. वायू निघतो, म्हणून काम अंगणात, हातमोजे-चष्मा घालूनच करणार. कुणी प्रत्यक्ष केलंय का? द्रावण किती तीव्र ठेवलं, आणि क्रोमवर डाग पडले का?