भिंतीवरचे दिवे बसवायचे आहेत: वायरिंगबद्दल सल्ला हवा

अंगण: पलंगाच्या दोन्ही बाजूंना पितळी बॉडीचे दोन वॉल लाइट लावायचे आहेत. विटांची भिंत, वर गिलावा. जुन्या दिव्याची कन्सील्ड वायर तिथेच आहे, पण बाहेर दोनच वायरी निघतात. तेवढ्यावर काम होईल का? भोक कुठे आणि किती खोल पाडू?

तारांगण: दोन वायरींवर धातूचा दिवा लावू नका. आत वायर सैल होऊन बॉडीला टेकली तर बॉडीत करंट उतरतो, आणि पलंगावर झोपून हात तिथेच जातो. अर्थिंगची तिसरी वायर ओढून घ्या. ते जमत नसेल तर चौकोनात चौकोन ही खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा निवडा. त्याला अर्थ लागत नाही.

वायर १.५ चौरस मिमीची पुरते. भिंतीत बसवलेल्या जोडणीच्या बॉक्समधून १५ सेंमी तरी बाहेर ठेवा, आखूड वायरीवर कनेक्टर नीट कसता येत नाही. टोक ८ ते १० मिमी सोला आणि कसल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड कालांतराने सैल होतो, तापतो आणि काळा पडतो. जोड बॉक्समध्येच हवा, गिलाव्याच्या पोकळीत अजिबात नको.

गुणाकार: भोकाचं सांगतो. गिलावा साधारण १२-१५ मिमी जाड असतो आणि त्यात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) धरत नाही, ती विटेत जायला हवी. ६ मिमीचा बिट, ६ मिमीची गिट्टी, ४० मिमीचा स्क्रू. भोक गिट्टीपेक्षा ५ मिमी जास्त खोल घ्या आणि आतली भुकटी फुंकून काढा, नाहीतर गिट्टी अर्ध्यावर अडते. पोकळ ब्लॉक असेल तर हॅमर बंद ठेवून ड्रिल करा. स्विचबोर्ड किंवा बॉक्सच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक टाळा, वायरींचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

तारांगण: एक तपासणी राहिली. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) असतो. मग दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद उजळत राहिला तर हा संशय घ्याच. स्विच बंद ठेवून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. पूर्ण व्होल्टेज दिसलं तर आधी स्विचची जोडणी दुरुस्त करून घ्या. शेजारच्या वायरीमुळे थोडं व्होल्टेज दिसू शकतं, त्यात फसू नका.

अंगण: मग टेस्टरने तपासलं तर चालणार नाही का?

गुणाकार: नुसत्या टेस्टरवर जीव सोपवू नका. न पेटलेला टेस्टर बिघडलेलाही असू शकतो. एमसीबी (मेन बोर्डवरचा त्या लाइनचा स्विच) बंद करा, मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग तुमच्या वायरींवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. अर्थची वायर पॅनेलपर्यंत ओढायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.