मदत हवी आहे: जिवंत पेशींच्या रामन वर्णपटात १४०० जवळचा फुगवटा

रामन वर्णपट म्हणजे नमुन्यातल्या रेणूंच्या कंपनांमुळे तरंगलांबी बदलून विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा वर्णपट; रेषांचे आकडे सेमी⁻¹ मध्ये. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी), ७८५ नॅनोमीटर लेझर, नमुन्यावर ३० मिलिवॉट, ६०एक्स पाण्यात बुडणारं ऑब्जेक्टिव्ह, प्रत्येक बिंदूला १० सेकंदांची ३ एक्स्पोजर. फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाची १००३ रेषा टोकदार येते, पण १४०० च्या आसपासचा रुंद फुगवटा १४४७ ची लिपिड-प्रथिनांची रेषा गिळून टाकतो. संशय काचतळाच्या डिशवर होता. कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर पेशी वाढवल्यावर तो बराच उतरला, तरी पूर्ण गेला नाही. पेशींशिवाय नुसत्या बफरचा वर्णपटही तसाच. मग हा ऑब्जेक्टिव्हच्याच काचेचा का? खात्री कशी करायची? पाचव्या घाताची बहुपदी बेसलाइन (पार्श्वभूमीचा वक्र) वजा केली की ७८५ सेमी⁻¹ ची डीएनए रेषाच खाल्ली जाते.

दुसरं: फिनॉल रेड (पेशींच्या माध्यमातलं रंगद्रव्य) नको म्हणून साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर घातलेलं मिठाचं द्रावण) मोजतो, तर २० मिनिटांत पेशी गोल होऊन सुटतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं पीबीएस पुरेल, की फिनॉल रेड नसलेलं माध्यमच घ्यावं?