'ॲग्री'च्या पुढे 'विथ', 'टू' की 'ऑन'?

हिशेबवही (प्रश्न):
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आहे. इमारतीच्या रंगकामाविषयी झालेल्या चर्चेत काही सभासदांना अध्यक्षांचे म्हणणे पटले, ठेकेदाराच्या अटी समितीने मान्य केल्या आणि शेवटी दोन्ही बाजूंचे एका दरावर एकमत झाले. या तिन्ही ठिकाणी 'ॲग्री' हेच क्रियापद वापरायचे असेल, तर त्यापुढे कोठे काय यावे? शिवाय सभासदांच्या ईमेलमध्ये 'आय ॲम ॲग्री' असे वारंवार आढळते. ते चूक का ठरते, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

खडूफळा:
आपण प्रश्न ज्या मराठीत विचारला आहे, तिच्यातच बरेचसे उत्तर आहे. एखाद्याच्या मताशी आपण सहमत असतो, तेव्हा इंग्रजीत 'विथ' येते. प्रस्तावाला, विनंतीला किंवा अटींना संमती देतो, तेव्हा 'टू' येते. आणि दोन पक्षांचे दरावर किंवा तारखेवर एकमत होते, तेव्हा 'ऑन' येते. 'शी', 'ला' आणि 'वर' यांच्याकडे लक्ष ठेवले, तर सहसा गल्लत होत नाही. 'टू'च्या पुढे क्रियापदही येऊ शकते, जसे 'ही ॲग्रीड टू पे', म्हणजे तो पैसे द्यायला तयार झाला. व्यक्तीपुढे मात्र 'विथ'च हवे; 'आय ॲग्री टू यू' हे आपल्याकडे सर्रास लिहिले जात असले तरी अशुद्धच आहे.

इतिवृत्तासाठी 'विथ' आणि 'टू' यांतील फरक विशेष महत्त्वाचा आहे, कारण मत पटणे वेगळे आणि संमती देणे वेगळे. एखाद्या सभासदाला दरवाढीची कारणे मुळीच पटलेली नसतात, तरीही वाद वाढू नये म्हणून तो वाढीव वर्गणी भरायला राजी होतो; अशा वेळी त्याच्या नावापुढे 'ॲग्रीड विथ' लिहिले, तर त्याने कधीच न मांडलेले मत त्याच्या तोंडी घातल्यासारखे होईल.

'आय ॲम ॲग्री'चे मूळ 'मी सहमत आहे' या वाक्यात असावे. मराठीतील 'सहमत' हे विशेषण असल्यामुळे त्याला 'आहे' लागते; 'ॲग्री' हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे 'आय ॲग्री' एवढे पुरते. मत पटणे ही स्थिती असल्याने 'आय ॲम ॲग्रीइंग विथ यू' हेही टाळावे. मात्र 'वी आर ॲग्रीड' ही जुनी, औपचारिक रचना शुद्ध आहे, तेव्हा ती दिसताच कोणी लाल रेघ ओढू नये.

दस्तऐवज:
वरील विवेचनाला कायद्यातील एक दाखला जोडतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 13 मध्ये संमतीची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा की, दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीवर एकाच अर्थाने एकमत होतात, तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात. मूळ इंग्रजीत तेथे 'ॲग्री अपॉन' आहे. 'अपॉन' म्हणजे 'ऑन'चेच अधिक औपचारिक रूप. म्हणून ठरलेल्या दरासाठी 'ॲग्रीड अपॉन' लिहिले तरी चालेल.

उंबरठा:
ब्रिटिश वृत्तपत्रांत 'द टू साइड्स ॲग्रीड अ प्राइस' अशी वाक्ये मी वाचली आहेत. तेथे 'ऑन' राहून गेले म्हणायचे का?

खडूफळा:
नाही. ब्रिटिश इंग्रजीत किंमत, अटी किंवा तारीख ठरवण्याच्या अर्थाने 'ॲग्री'ला थेट कर्म जोडता येते. अमेरिकी इंग्रजीत मात्र 'ऑन' किंवा 'टू' घालण्याकडेच कल असतो. भारतीय वाचकाला दोन्ही समजते, पण एका कागदात एकच पद्धत पाळावी.

जाता जाता, या क्रियापदाचा एक उपयोग आपल्याकडे फारच कमी होतो. 'मला वांगे मानवत नाही' हे इंग्रजीत 'ब्रिंजल डझ नॉट ॲग्री विथ मी' असे अगदी सहज म्हणता येते. एखाद्या ठिकाणची हवा मानवणे किंवा न मानवणे यासाठीही हेच क्रियापद चालते.

हिशेबवही:
सर्वांचे आभार. आता 'अध्यक्षांशी विथ, अटींना टू, दरावर ऑन' असे लिहितो. ठरावाच्या वाक्यातही 'ॲग्रीड' ठेवावे का?

दस्तऐवज:
ठेवू नये. 'ॲग्रीड' हे चर्चेच्या वृत्तांतापुरते ठीक आहे. प्रत्यक्ष ठरावाची सुरुवात 'रिझॉल्व्ड दॅट' अशी करण्याचा प्रघात आहे, आणि त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे देऊन ठराव एकमताने की बहुमताने संमत झाला, याची नोंद करावी.