पार्लरमधलं बिनलेबलचं गोरं करायचं क्रीम, आणि आता डोळे सुजतायत

अगं बायांनो मदत करा. बहिणीला पार्लरवाल्या काकूंनी एक डबी दिली, नाव नाही गाव नाही, चेहरा असा उजळला की ती जाम खूश, पण आता सकाळी डोळे सुजलेले आणि लघवीला फेस. आई म्हणते जागरणामुळे. क्रीमचा संबंध असेल का?

गोळीवाला: क्रीम आजच बंद. पारा असू शकतो. पारा मेलॅनिन बनूच देत नाही म्हणून रंग झटकन उजळतो, पण तो कातडीतून आत जाऊन किडनीत साठतो आणि मग प्रोटीन लघवीतून गळायला लागतं, फेस त्याचाच. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमकडे असेच पेशंट सापडले होते. उद्याच युरीन प्रोटीन आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) करा, रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरकडे जा, पाऱ्याची टेस्ट ते सांगतील. डबी फेकू नका!!

साधीसुधी: थोडाफार पारा सगळ्यातच असतो ना, उगाच घाबरवू नका

गोळीवाला: चुकून आलेला १ पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाखांत एक भाग) चालतो, डोळ्यांच्या मेकअपला वेगळा नियम आहे. ही क्रीमं त्याच्या हजारो पट निघतात.

निशिगंध: लेबल नसलं तरी डब्यावर कुठे कॅलोमेल (पाऱ्याचाच क्षार) किंवा मर्क्युरी (म्हणजे पारा) असलं काही लिहिलंय का बघ. काहींवर तर सोन्याचांदीला लावू नका असंही असतं, म्हणजे दागिन्याला नको आणि तोंडाला चालेल 🙄

प्रश्नकर्ती: लघवीत प्रोटीन ३+ आलंय, म्हणजे बरंच जास्त. अपॉइंटमेंट घेतली. काकू फोन उचलत नाहीयेत.

निशिगंध: एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार टाक, डबीसकट.