पुणं-मुंबईच गाठायला पायजे असं काय नाही

वर कुणीतरी लिहिलंय की आपल्यासारख्या क्विअर, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशा लोकांना भेटायचं तर पुणं-मुंबई गाठल्याशिवाय पर्याय नाही, तर भावा तसं अजिबात नाही. आम्ही इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या गच्चीवर दर रविवारी जमतो, नाव चित्रांचा क्लास, घरी सांगायला बरं पडतंय. सुरुवातीला चौघंच होतो, आता बारा-तेरा. एक पोरगं तर तीन रविवार हेल्मेट मांडीवर घेऊन दाराशीच बसलेलं, कुणी काय विचारलं नाही, चौथ्या रविवारी स्वतःच ब्रश मागितला आणि रंकाळा तलावातला संध्यामठ काढला, तोही जांभळा!

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ वर सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, दोन सज्ञान माणसांच्या मर्जीनं असेल तर समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही हे खरं, पण दोन गल्ल्या सोडून मावशी राहते त्याचं काय करणार? म्हणून भाषणं-बिषणं नंतर, आधी हाताला काहीतरी काम द्या, रंग, हलगी, नाटकाचं वाचन, काहीपण, बोलणं आपोआप सुरू होतंय. फक्त फोटोचा नियम कडक ठेवा, आमच्यात एकदा कुणाच्या तरी स्टेटसला फोटो गेला आणि दोघं परत आलेच नाहीत.