लास वेगासला दुष्काळातही पाणी पुरते ते कसे?

रानवारा
मंडळी, नुकताच लास वेगासला मुलीकडे महिनाभर राहून आलो. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात हॉटेलांसमोर कारंजी उडत होती आणि मुलीच्या सोसायटीत मात्र रस्त्याकडेची हिरवळ उपटून खडी पसरण्याचे काम चालले होते. ही विसंगती मला उलगडली नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या लेक मीड या धरणाच्या तळ्याची पातळी इतकी खालावलेली असताना हे शहर कोणत्या हिशेबावर चालते, हे जाणकारांनी सांगावे.

तळ्याकाठी
शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील लेक मीडमधून येते. त्यात नेवाडा राज्याचा वाटा १९२८ च्या कायद्यानुसार वर्षाला ३ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट), म्हणजे आपल्या मापात साधारण १३ टीएमसी आहे. कॅलिफोर्नियाचा ४४ लाख. मेख अशी की, घराघरांतील सांडपाणी शुद्ध करून लास वेगास वॉश या ओढ्याने पुन्हा लेक मीडमध्ये सोडले जाते आणि जितके परत जाते तितके वाट्याच्या वर उचलण्याची मुभा मिळते. त्यामुळे न्हाणीघरातले पाणी फारसे खर्ची पडत नाही. बागेत मुरते किंवा हवेत उडून जाते, तेच कायमचे जाते. एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन पाणी लागते, तर वाळवंटी झुडपांना १८, म्हणून सारा रोख हिरवळीवर. २०२१ च्या कायद्याने सोसायट्या, कार्यालये आणि रस्तादुभाजक यांवरील निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडोचे पाणी देता येणार नाही. खासगी बंगल्यांना हा कायदा लागू नाही. तिथे गवत काढणाऱ्याला इथले पाणी प्राधिकरण पैसे देते. बेलाजिओ हॉटेलच्या प्रसिद्ध कारंज्याचे पाणी तर जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरींचे आहे, नदीचे नव्हे.

निवृत्त अभियंता
बचतीइतकीच महत्त्वाची गोष्ट तळ्याच्या तळाशी आहे. २०१५ मध्ये पाणी उचलण्याचा तिसरा बोगदा पूर्ण झाला आणि २०२० मध्ये खोल पातळीवरचे पंपगृह बांधून झाले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वांत जुन्या उचल-बोगद्याचे तोंड उघडे पडले, त्याच सुमारास हे पंपगृह चालू झाले, म्हणून शहराला झळ लागली नाही. तळ्याची पातळी ८९५ फुटांखाली गेली, तर हे तळे अडवणाऱ्या हूव्हर धरणातून खाली थेंबही सोडता येणार नाही. या शहराला मात्र तेव्हाही पाणी उचलता येईल. दुष्काळाचे नियोजन म्हणतात ते हे. टँकर कुठून आणायचे, एवढ्यावर विचार थांबत नाही.

शंकेखोर
कौतुक मान्य, पण सांडपाण्याची ही सोय भूगोलाने दिलेली आहे. शहर तळ्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून पाणी उताराने परत जाते. शेजारच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराला हे जमत नाही. शिवाय ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर प्रथमच टंचाई जाहीर झाली, तेव्हा नेवाडाच्या वाट्यातून २१ हजार एकर-फूट कमी झाले. असेच चालू राहिले तर नवी वस्ती किती काळ वाढू द्यायची, हा प्रश्न कोणी विचारते का?

तळ्याकाठी
तुमचा भूगोलाचा मुद्दा खरा आहे. तरीही ती कपात जाणवली नाही, कारण २००२ मध्ये वाट्याच्या पलीकडे गेलेला वापर, लोकसंख्या कितीतरी वाढूनही, २०२३ मध्ये २ लाख एकर-फुटांच्या खाली आला होता. वाढीवर मात्र थेट बंदी नाही; नव्या इमारतींवर अटी घातल्या जातात. बाष्पीभवनावर चालणारी थंडावा यंत्रे नव्या व्यापारी इमारतींत बसवता येत नाहीत, कारण त्यांतले पाणी हवेत जाते, ओढ्यात नाही.

रानवारा
आता उलगडा झाला. मुलीच्या सोसायटीतील तक्रार वेगळीच आहे: हिरवळीबरोबर तिच्या पाण्यावर वाढलेली जुनी झाडेही वाळू लागली आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी ठिबक टाकण्याचा खर्च कोणी करायचा, यावर सभासदांचे अजून एकमत झालेले नाही.