मदत हवी आहे : पेटी, गिटार, तबल्यावर जॅझ ब्लूज

नमस्कार मंडळी. अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं 'सी जॅम ब्लूज' (1942) आम्ही तिघं घरीच बसवून फोनवर रेकॉर्ड करतोय. धून फक्त दोन सुरांची, पांढरी एकचे (म्हणजे सी हा सा धरून) सा आणि प, त्यामुळे सगळी मदार ठेक्यावर आणि मागच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर). बारा बार (चार-चार मात्रांचे भाग) म्हणजे 48 मात्रा, तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं. सम झकास सापडते, पण चाल सरळ राहते, स्विंगचा, म्हणजे जॅझमधल्या लांब-आखूड डुलत्या लयीचा, झोल येत नाही. मात्रेचे तीन भाग धरून तबल्यावर नेमके कोणते बोल बसतील?

गिटारवर सी सेव्हन या कॉर्डचे फक्त ग आणि कोमल नी ठेवलेत. पुढच्या एफ सेव्हन कॉर्डला दोन्ही अर्धा सूर खाली सरकतात, फार गोड लागतं! पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, म्हणून चालता बास (मात्रेमात्रेला पुढे सरकणारे खालचे सूर) वेगळा रेकॉर्ड करावा लागेल. तो आधी घ्यावा की शेवटी?

घर सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. जाड सोलापुरी चादरी टांगल्यावर खोलीचा घुमारा गेला, पण मागाची धडधड फोनमध्ये येतेच. माईक वाद्याच्या किती जवळ ठेवावा? कुणी असं घरी रेकॉर्ड केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.